हँडग्लोज ठेवा, दुपार काढून टाका

मे महिन्यात साइटवर कोणती वस्तू कधी उतरते, ते मला घड्याळ न बघता सांगता येतं. साडेनऊला हेल्मेट. दहाला हँडग्लोज, त्यातही आधी डावा, कारण डाव्या हाताच्या बोटांत स्क्रू धरायचे असतात. अकराला शर्टाची वरची बटणं. बाराच्या सुमाराला बूट जाऊन चपला येतात. आणि जेवणानंतर बघावं तर सेफ्टी बेल्ट कैचीला, म्हणजे छपराच्या लोखंडी सांगाड्याला, लोंबकळतोय, माणूस दुसऱ्या टोकाला.

पोरं बेफिकीर असतात म्हणून काढतात असं नाही. अंगाची आग होते म्हणून काढतात. मी बरीच वर्षं त्यांना शिव्या दिल्या. नंतर कळलं की दुपारी एक वाजता पत्र्यावर चढवून वर "हेल्मेट घाल" म्हणणाऱ्याचंच चुकतंय.

माझं काम शेडचं. औसा तालुक्यात आणि आजूबाजूला शेळ्यांचे गोठे, कांदाचाळी, घरावरचे पत्रे, एखादं मंगल कार्यालय. आमच्या भागात पत्रा इतका का, तर ३० सप्टेंबर १९९३. त्या पहाटे किल्लारीला जमीन हलली, आणि दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जाड धाब्याच्या, ओझ्याखाली झोपेतली माणसं गेली. नंतर माळवदाखाली पाठ टेकायचा धीर कित्येकांना झाला नाही. माळवद गार असतं, पत्रा तापतो. पण पत्रा अंगावर आला तर माणूस वाचतो. त्या भीतीवर माझं पोट चालतं म्हणा ना.

आता कामाचं. मोबाईलवर ४२ दिसतं ते सावलीतलं तापमान. हवामान खातं पारा जाळीच्या पांढऱ्या पेटीत ठेवून मोजतं, तुमच्या टाळूवर ठेवून नाही. उन्हातला पत्रा साठच्या वर सहज जातो. त्यावर उकिडवं बसलं की वरून ऊन, खालून तवा. अशा वेळी अंग गार ठेवायला एकच गोष्ट असते, घाम. आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी, म्हणून इथे घाम चांगला वाळतो. पण अंगावर चामडं, रेक्झिन नाहीतर टेरिलिन चढवलं की घाम आतच राहतो. म्हणून कोणतीही वस्तू घेताना मी एवढंच बघतो की हिच्यातून घाम जाणार कुठून.

कपडे

आतून सुती बनियन, वरून पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, एक माप मोठा. आमचे आजोबा मांजरपाटाची बंडी घालून वैशाखात नांगरट करायचे, ते काही येडे नव्हते. सैल कपड्यात हवा खेळते, आणि कापड अंगाला न चिकटल्यामुळे उन्हाचा चटका कापडावरच राहतो. अर्ध्या बाहीच्या टी-शर्टात गार वाटतं, ते सकाळी नऊपर्यंत.

पॉलिस्टर मात्र वेल्डिंगजवळ अजिबात नको. क्रिकेटच्या टीमची ती चकचकीत जर्सी घालून पोरं येतात. ठिणगी पडली की सुती कापडाला भोक पडतं. जर्सी वितळून कातडीला चिकटते, आणि काढताना कातडीसकट निघते.

रंगाचा एक पेच आहे. उन्हाला पांढरा बरा. पण वेल्डिंग करणाऱ्याने पांढरा घातला तर आर्कचा, म्हणजे वेल्डिंगच्या जाळाचा, उजेड छातीवरून उलटून तोंडावरच्या काळ्या काचेच्या स्क्रीनच्या आत, डोळ्यात जातो. म्हणून पत्रे ठोकणारा पांढऱ्यात आणि रॉड मारणारा खाकीत, अशी आमच्याकडे वाटणी आहे. लांबून बघितलं तर कोण काय करतोय ते कळतं, हा वरचा फायदा.

वेल्डरला चामड्याचं पूर्ण जॅकेट मेमध्ये मी घालू देत नाही. चामड्याचा एप्रन आणि वेगळ्या चामडी बाह्या घ्याव्यात. पुढून आणि हातावर झाकलेलं, पाठ मोकळी. घाम पाठीतून जातो. डोक्यावरचा जोड मारायचा असेल तेव्हाच पूर्ण जॅकेट, आणि ते काम पहाटे.

हँडग्लोज आणि करंट

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण उन्हाळ्यात वेल्डरला नुसता चटकाच बसतो असं लोकांना वाटतं.

मशीन चालू आहे, आर्क मारलेला नाही, नुसता रॉड, म्हणजे वितळून जोड भरणारी कांडी, होल्डरला, म्हणजे हातातल्या चिमट्याला, लावलाय, अशा वेळी होल्डरवर ७० ते ८० व्होल्ट असू शकतात. कोरडा हात, कोरडे हँडग्लोज असले तर एवढं सहसा जाणवत नाही. पण घामाने भिजलेल्या कातडीचा विरोध एकदम खाली येतो. घामात मीठ असतं, वर आपण बसलेलो असतो लोखंडी कैचीवर, मांडीखालची पँट पण ओली. म्हणजे सर्किट पूर्ण करायला आपणच तयार बसलेलो.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. एका कांदाचाळीच्या कैचीवर बसून मी उघड्या हाताने रॉड बदलला. हँडग्लोज ओले झाले होते म्हणून काढून मांडीवर ठेवले होते. दंडापर्यंत असा झटका आला की होल्डर हातातून सुटला आणि बेल्ट नसता तर त्याच्यामागे मी पण गेलो असतो. खाली उतरून अर्धा तास बोललो नाही. मालकाला वाटलं पैशावरून रुसलोय.

तेव्हापासून वेल्डरमागे चामड्याच्या तीन जोड्या. एक हातात, दोन वाळत. एका दिवसाच्या मजुरीत तीन जोड्या येतात, त्यात कंजूषपणा करू नका. ओली जोडी उन्हात टाकायची नाही. चामडं पापडासारखं कडक होतं आणि मग बोट मिटत नाही. सावलीत दोन सळ्या जमिनीत रोवायच्या आणि हँडग्लोज बोटं वर करून त्यावर अडकवायचे. आत हवा जाते, दीड-दोन तासात बरेच सुकतात. आतून पातळ होजिअरीचे सुती मोजे घातले तर घाम ते पितात, चामडं उशिरा भिजतं. असे पाच-सहा जोड खिशात ठेवा, पिळा, वाळवा, परत घाला. आणि बसायला एक कोरडी फळी, नाहीतर रबरी चटई वर न्या.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. गळ्यात ओली दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, ठेवायची आपली पद्धत चांगलीच आहे, कोरड्या हवेत तिच्यासारखा थंडावा नाही. पण रॉड मारणाऱ्याच्या अंगावर ओलं काही नको. त्याने खाली यावं, मान-तोंड धुवावं, पुसावं, मग चढावं. ग्राइंडर चालवणाऱ्याने दस्ती गळ्यात लोंबती ठेवूच नये. चार इंची मशीनची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. टोक गुंडाळलं गेलं की मशीन छातीवर येतं. घालायचीच तर कॉलरच्या आत दुमडून, टोकं सदऱ्यात.

डोकं आणि डोळे

हेल्मेट पांढरं घ्या, वर आयएसआयचा शिक्का आणि आयएस २९२५ हा आकडा बघून. आतल्या पट्ट्या आणि टोपी यांच्यात जी बोटभर-दीड बोट पोकळी असते, तिच्यात पोरं मोबाईल, तंबाखूची पुडी, ओला रुमाल कोंबतात. ती पोकळी मार झेलायला असते, आणि हवा पण तिथूनच खेळते. ओलं करायचंच तर पातळ सुती टोपी किंवा कपाळाची घामपट्टी भिजवा, ती पट्ट्यांच्या खाली डोक्याला लागून बसते. हवेसाठी हेल्मेटला ड्रिलने भोकं पाडलेली मी बघितली आहेत. असं हेल्मेट मग ऊन झाकायच्या कामाचं. थिनरने पुसू नका, आणि जेवणाच्या सुट्टीत पत्र्यावर उलटं ठेवू नका. उन्हाने प्लास्टिक आतून ठिसूळ होतं, वरून दिसत नाही.

गॉगलवर वाफ धरते म्हणून तो कपाळावर जातो. बाजूने जाळी असलेला घ्या, आणि घामपट्टी लावा. डोळ्यात घाम जाणं बंद झालं की अर्धी तक्रार संपते.

वेल्डिंगच्या काचेबद्दल एकच सांगतो. दहा नंबर जाडीच्या रॉडला निदान १० शेडची, म्हणजे १० नंबर गडदपणाची, काळी काच हवी. घामाने स्क्रीन निसटते म्हणून टॅकिंग करताना, म्हणजे तात्पुरते टिपके मारून जोड धरताना, "डोळे मिटून एक टिपका" मारायची सवय असते ना, तिची वसुली रात्री होते. मी शिकाऊ असताना सगळी दुपार असं केलं. रात्री अकराला डोळ्यात मूठभर वाळू घातल्यासारखं झालं. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. गार वाटलं एवढंच. डोळ्याचा वरचा पापुद्रा भाजलेला असतो, तो दिवसा-दोन दिवसात आपोआप भरतो. डोळा चोळायचा नाही, आणि मित्राकडचे बधिर करणारे थेंब घालायचे नाहीत. दोन दिवसात उतरलं नाही तर डॉक्टर. आपोआप काळी होणारी स्क्रीन असेल तर तिला सावलीत ठेवा. तिच्या कागदावर साधारण ५५ अंशांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, आणि दुपारचा पत्रा त्याच्या पुढे असतो.

पाय, बेल्ट, धूर

बुटांचं थोडक्यात. पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट, एक नंबर मोठे, कारण उन्हात पाय सुजतात. सुती मोजे दोन जोड. दुपारी बदलायचे, आतला तळवा काढून सावलीत ठेवायचा. नाहीतर जूनपर्यंत चिखल्या, आणि जांघेत गजकर्ण. हे कोणी बोलत नाही, पण निम्मी पोरं त्याच्यामुळेच फेंगडी चालतात. रात्री अंघोळ करून कोरडं पुसा, बस.

दोन मीटरच्या वर चढलं की पूर्ण अंगाचा बेल्ट, नुसता कमरेचा नाही. उन्हाळ्यात त्याचे पट्टे काखेत आणि मांडीत घासतात, घामाने सोलतं. त्यासाठी बेल्ट सदऱ्यावरून घाला, बनियनवरून नाही, आणि मांडीचे पट्टे पंजा आडवा आत जाईल एवढेच सैल ठेवा. हूक डोक्याच्या वर, कैचीच्या मुख्य पाइपला. भोवळ येऊन पडणारा माणूस हात पुढे करत नाही, सरळ गळतो. म्हणून पावसाळ्यापेक्षा मला मेमध्ये बेल्टची काळजी जास्त वाटते. जुन्या सिमेंट पत्र्यावर तर पाय फक्त खालच्या पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पट्टीच्या, रेषेत, जिथे हुकांची ओळ दिसते तिथे.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा किंवा पाइप जाळला की पांढरा धूर येतो, तो जस्ताचा. मास्क गरम होतो म्हणून काढला की रात्री थंडी वाजून ताप येतो, आणि घरचे म्हणतात ऊन लागलं. एक-दोन दिवसात उतरतो, पण परत धूर घेतला की परत येतो. जोडाच्या जागेवरचं जस्त आधी ग्राइंडरने घासून काढा, वाऱ्याकडे पाठ न करता वारा आडवा येईल असे बसा, मास्क एन-९५ घ्या आणि ओला झाला की बदला. वरून गूळ खाऊन, दूध पिऊन धूर उतरतो ही समजूत आहे. गूळ खायला माझी ना नाही.

पाणी आणि वेळ

इतकं सगळं अंगावर ठेवायचं तर दोन गोष्टी बदलाव्या लागतात, आणि त्या माणसाच्या हातात नसतात, गुत्तेदाराच्या, म्हणजे ठेकेदाराच्या, हातात असतात.

पहिलं पाणी. तहान लागल्यावर प्यायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो. दर पंधरा-वीस मिनिटाला एक फुलपात्र, म्हणजे पावशेर-पाव लिटर. एकदम घटाघटा नाही, तासाला दीड लिटरच्या वर तर नाहीच. जार खाली झाडाखाली ठेवला तर वरचा माणूस तो प्यायला दोन तास उतरत नाही, हे मी कित्येकदा बघितलंय. म्हणून पाणी वर गेलं पाहिजे. अर्ध्या लिटरच्या बाटलीला गोणपाटाचा तुकडा शिवा, ओला करा, सुतळीने बेल्टच्या कडीला बांधा. रॉड मारणाऱ्याची बाटली तेवढी लांब, कैचीच्या टोकाला. नुसत्या पाण्याने भागत नाही, घामातून मीठ जातं. पोटरीत गोळे येतात ते त्याचेच. दहाला मीठ घातलेलं ताक, जेवणात नेहमीचं मीठ. लई घाम गेला तर जलसंजीवनी: एक लिटर पाण्याला सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. चहा मी बंद केला नाही, बंद करून बघितला तर दोन माणसं काम सोडून गेली. चहामागे पाणी मात्र सक्तीचं. आदल्या रात्री दारू घेतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी वर पाठवत नाही. रक्तदाबाची, त्यातही लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारून या म्हणतो. दुपारी लघवी गडद पिवळी, जळजळीत झाली, म्हणजे उन्हाळी लागली, की तो माणूस त्या दिवसापुरता खाली.

दुसरी गोष्ट वेळ. सहा ते साडेदहा, मग संध्याकाळी पाच ते सात, गरज पडली तर फोकस लावून नऊपर्यंत. मधला वेळ खाली सावलीत: अँगल कापणं, भोकं पाडणं, कलर. मालक म्हणतो गुत्तं दिलंय, दिवस वाढला तर मी का थांबू? त्याला मी पत्र्याचं गणित सांगतो. वीस फुटी पत्रा चाळीस अंशांनी तापला तर जवळजवळ तीन मिलीमीटर वाढतो. भर दुपारी ताणून स्क्रू मारले तर रात्री आकसताना तो भोकं ओढतो, आणि पहिल्याच वळवात वॉशरखालून गळतं. माणसाच्या जिवापेक्षा गळतीचं पटकन पटतं. असो. शेतातली लाईट दुपारीच येणार असेल तर जनरेटरचं भाडं गुत्त्यात आधीच धरा. नंतर मागितलं तर मिळत नाही.

आणि एक सावधगिरी. वळवाचे दोन-चार पाऊस झाले की पारा उतरतो आणि सगळे सैल होतात. पण हवा दमट झालेली असते, घाम वाळत नाही. एप्रिलमध्ये गार करणारी तीच ओली दस्ती जूनच्या पहिल्या आठवड्यात नुसती ओली राहते. ३८ अंशांत माझी माणसं ४२ पेक्षा जास्त गळाठतात. त्या दिवसात वेळ आणखी आखडता घ्या.

ऊन लागलं तर

माझा भाचा पुण्याला एका एसी दुकानात वर्षभर होता. मेमध्ये आला, म्हणाला मामा, तुमच्याबरोबर येतो. अंगाने धट्टाकट्टा. तिसऱ्याच दिवशी मी त्याला शेळ्यांच्या शेडवर चढवला, लाईट दुपारी होती म्हणून. ती माझी चूक.

एकच्या सुमाराला मी वॉशर मागितले, त्याने पाण्याची बाटली दिली. मला वाटलं चेष्टा करतोय. परत मागितले तर माझ्यावर खेकसला. माझा भाचा मला कधी उलट बोललेला नाही. मग बघितलं, चेहरा लालबुंद, घाम चालूच होता, डोळे कुठेतरी भलतीकडे. ऊन लागलं की घाम थांबतो असं म्हणतात. काम करता करता लागलं तर थांबतोच असं नाही. बोलणं बिघडणं, विनाकारण चिडणं, झोकांड्या, हीच खूण धरा.

दोराने खाली घेतला. बेल्ट, बूट, सदरा काढला. बोअर चालू करायला जावं तर तेवढ्यात लाईट गेली. जनावरांच्या हौदाशेजारी आडवा टाकला आणि बादलीमागून बादली ओतली, डोक्यावर, मानेवर, काखेत, जांघेत. एकजण खोक्याचा पुठ्ठा घेऊन वारा घालत होता. मालकाच्या बायकोने फ्रीजमधला बर्फ आणला, तो काखेत आणि मानेला. एकाने १०८ ला फोन लावला. एक म्हातारबा कांदा फोडून नाकाला लावायला आले, एकजण तोंडात पाणी घालत होता. दोघांना हटवलं. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घातलं तर ते छातीत जातं. तापाची गोळी पण नाही, हा ताप गोळीने उतरणारा नव्हे. गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहायचं, आधी गार करायचं, मग न्यायचं. वीसेक मिनिटांनी त्याने मला नावाने ओळखलं. दोन दिवस दवाखान्यात होता.

आता नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचव्या हिश्शाएवढंच, म्हणजे दीड तास, आणि रोज तेवढंच वाढवत जायचं. जुना गडी लग्नसराईत आठ-दहा दिवस गावाला जाऊन आला असेल तर त्याला पण निम्म्यापासून सुरुवात. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि मोडायला आठवडा पुरतो.

भाचा त्या मोसमात परत चढला नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्येच आला. पहिल्या दिवशी दीड तास पत्र्यावर, हेल्मेट-हँडग्लोज सगळं घालून, आणि बाकीचा दिवस लिंबाखाली अँगलला रेडऑक्साईड मारत बसला. संध्याकाळी वहीपाशी येऊन विचारलं, "मामा, दीड तासाची हजेरी किती लावणार?"

पूर्ण लावली.